विश्लेषण : संगणकाचे ‘स्टार्ट’ बटण कोपऱ्यातून मध्यभागी का आले? तीस वर्षांत या बटणाचे काय काय झाले?

‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ठरावीक अटींवर एक वर्षाच्या सुरक्षा अपडेटची सोय असली, तरी घरे, शाळा, कार्यालये आणि दुकानांतील असंख्य संगणक आता ‘विंडोज ११’कडे वळत आहेत. नव्या प्रणालीत पाऊल टाकताच अनेकांचा पहिला गोंधळ होतो तो एका बटणापाशी. माऊस सवयीने पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जातो, पण तिथे ‘स्टार्ट’ नसते. असते ते हवामानाचे चिन्ह. त्यावर माऊस रेंगाळला, तर बातम्या आणि हवामानाची पाटी उघडते. ‘स्टार्ट’ तिथून उठून खालच्या पट्टीच्या मध्यावर जाऊन बसलेले असते.

एका बटणाची जागा बदलली, यात विशेष ते काय, असे वाटू शकते. मात्र ऑगस्ट १९९५मध्ये जन्मलेल्या या बटणाने एका पिढीला संगणक शिकवला. ते एकदा काढून टाकले गेले, तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला माघार घ्यावी लागली. हे बटण कसे जन्मले, कोणी बदलले आणि त्या बदलांची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा हा आढावा.

‘स्टार्ट’पूर्वी संगणकावर काम कसे सुरू होत असे?

‘स्टार्ट’ बटणाच्या आधीची लोकप्रिय प्रणाली म्हणजे १९९२मध्ये आलेली ‘विंडोज ३.१’. संगणक सुरू झाला की त्यात ‘प्रोग्राम मॅनेजर’ नावाची एक चौकट उघडत असे. तिच्या पोटात ‘मेन’, ‘अॅक्सेसरीज’, ‘गेम्स’ अशा आणखी छोट्या चौकटी आणि त्या चौकटींत प्रत्येक प्रोग्रामचे चिन्ह. फायली पाहायच्या तर ‘फाइल मॅनेजर’ हा वेगळाच प्रोग्राम उघडावा लागे.

जाणत्यांना यात अडचण नव्हती. नवख्यांची मात्र तीन ठिकाणी गाडी अडत असे. पहिले म्हणजे डबल क्लिक. एकाच जागी, माऊस न हलवता, पटकन दोनदा बटण दाबायचे, ही क्रिया आपोआप कोणाला सुचणारी नव्हती. दुसरे, चौकटीत चौकट ही रचना. हवा असलेला प्रोग्राम कोणत्या चौकटीत आहे हे ठाऊक नसेल, तर एकेक उघडून पाहण्यावाचून इलाज नसे. तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक होती. एखादी विंडो लहान केली, की तिचे छोटे चिन्ह होऊन ते पडद्याच्या तळाशी जाऊन बसे आणि दुसऱ्या मोठ्या विंडोखाली झाकले जाई. आपले काम गेले कुठे, हे वापरणाऱ्याला कळत नसे. प्रोग्राम बंद झाला असे समजून तो पुन्हा उघडला जाई. त्यामुळे एकच प्रोग्राम दोन-दोन, तीन-तीन वेळा चालू राही.

संगणक तोवर मुख्यतः कार्यालयात होता. तो घरात न्यायचा असेल, तर ही कोंडी फोडणे मायक्रोसॉफ्टला भाग होते.

बटणाची कल्पना कुठून आली?

पुढच्या प्रणालीचे सांकेतिक नाव ‘शिकागो’ होते. हीच नंतर ‘विंडोज ९५’ म्हणून बाजारात आली. तिचा दर्शनी भाग तयार करणाऱ्या चमूने एक पद्धत काटेकोर पाळली. सामान्य माणसांना बोलावायचे, संगणकापुढे बसवायचे, एखादे साधे काम सांगायचे आणि ते कुठे अडखळतात हे गप्प बसून पाहायचे. या चमूतील केंट सुलिव्हन यांनी १९९६मध्ये एका परिषदेत मांडलेल्या निबंधात या कामाचा तपशील आहे. प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या ६४ फेऱ्या झाल्या आणि त्यांत ५६० जण सहभागी झाले.

या निबंधातील एक निर्णय आजही विचार करण्याजोगा आहे. नवशिक्यांसाठी एक सोपा, वेगळा दर्शनी भाग द्यावा आणि सरावलेल्यांसाठी नेहमीचा ठेवावा, असा पर्याय चमूने तपासला होता. तो त्यांनी सोडून दिला. कारण नवशिका थोडा तयार झाला की त्याला दुसऱ्या भागात जावे लागणार, म्हणजे आधी शिकलेले विसरून पुन्हा शिकावे लागणार. शिकवलेली गोष्ट वाया जाऊ नये, हा विचार त्यामागे होता.

टास्कबार आणि स्टार्ट मेन्यू यांच्या रचनेशी जोडले जाणारे प्रमुख नाव म्हणजे डॅनी ओरन. ते मूळचे संगणक अभियंते नव्हेत. वर्तनशास्त्राचे अभ्यासक असलेल्या ओरन यांनी विख्यात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याबरोबर काम केले होते. माणूस गोंधळला तर दोष त्याच्या बुद्धीचा नसून समोर मांडलेल्या वस्तूचा आहे, या बाजूने पाहणारा माणूस चमूत होता. टास्कबार आणि स्टार्ट मेन्यूच्या अमेरिकी पेटंटवर त्यांचे नाव आहे.

‘स्टार्ट’ हा शब्द का निवडला गेला?

सुरुवातीच्या आवृत्तीत ‘स्टार्ट’ नव्हतेच. पडद्याच्या तळाशी तीन बटणे होती. ‘सिस्टीम’साठी विंडोजचे बोधचिन्ह, ‘शोधा’साठी एक आणि ‘मदत’साठी एक. यातील ‘शोधा’ आणि ‘मदत’ पुढे मेन्यूच्या आत सामावले गेले आणि एकच बटण उरले.

तरीही चाचणीत माणसे पडद्याकडे बघत बसत. समोर एक मोकळा पडदा, तळाशी एक चिन्ह असलेले बटण. आता करायचे काय, हे कळत नसे. मायक्रोसॉफ्टचे दीर्घकाळचे अभियंता रेमंड चेन यांनी नंतर लिहिले, की याच टप्प्यावर त्या बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्द छापण्याचे ठरले. त्यानंतर चाचण्यांचे निकाल एकदम सुधारले. बटणाचे काम तेच होते. फरक पडला तो एका शब्दाने.

याच शब्दाने पुढे तीस वर्षे पुरणारा एक विनोदही जन्माला घातला. संगणक ‘बंद’ करण्यासाठी ‘सुरू करा’ हे बटण का दाबायचे? चेन यांच्या लेखात याचेही उत्तर आहे. चाचणीत लोकांना संगणक बंद करायला सांगितले, तेव्हा त्यांनी आपण होऊन ‘स्टार्ट’वरच क्लिक केले. कारण बंद करण्याच्या कामालाही कुठून तरी सुरुवात करावीच लागते. कागदावर विसंगत वाटणारी रचना प्रत्यक्ष वापरात बरोबर ठरली.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी काय घडले?

त्या दिवशी ‘विंडोज ९५’ मोठ्या गाजावाजासह विक्रीला आली. जाहिरातीसाठी ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाचे ‘स्टार्ट मी अप’ हे गाणे निवडण्यात आले, ते अर्थातच बटणाच्या नावामुळे. पहिल्या पाच आठवड्यांत ७० लाख प्रती विकल्या गेल्या. एखाद्या प्रणालीची ओळख तिच्या पडद्यावरील एका बटणावरून व्हावी, असे याआधी क्वचितच घडले होते.

नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू केली, की टास्कबारवर ‘सुरुवात करण्यासाठी इथे क्लिक करा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ बाणासह सरकत येई आणि ‘स्टार्ट’वर आपटून उसळी घेई. एवढे स्पष्ट लिहिलेले बटण असूनही निर्मात्यांनी आणखी एक बाण दाखवला. एका जरी माणसाला कळले नाही तरी चालणार नाही, ही ती काळजी होती.

या बटणाने कळफलकही बदलला. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘नॅचरल’ कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आली. ती दाबली की स्टार्ट मेन्यू उघडतो. जुन्या कळफलकांवर त्यासाठी ‘कंट्रोल’ आणि ‘एस्केप’ एकत्र दाबावे लागे. आज बहुतेक सर्व लॅपटॉपवर ही कळ असते. लिनक्सवर चालणाऱ्या ‘केडीई’सारख्या प्रणालींनीही डाव्या कोपऱ्यातील मेन्यूची ही कल्पना उचलली.

डावा खालचा कोपराच का?

याचे एक उत्तर गणिती आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो, लक्ष्य किती लांब आहे आणि किती मोठे आहे. लक्ष्य लहान असेल तर शेवटी हात सावरावा लागतो, वेग कमी करावा लागतो.

संगणकाच्या पडद्याला हा नियम लावला, की कोपऱ्याचे महत्त्व कळते. माऊस कितीही जोरात ढकलला तरी बाण पडद्याच्या कडेपलीकडे जात नाही. कोपऱ्यात तर तो दोन बाजूंनी अडतो. म्हणजे तिथले बटण प्रत्यक्षात लहान असले, तरी वापरणाऱ्याच्या हातासाठी ते प्रचंड मोठे असते. नेम धरावा लागत नाही. डोळे कागदावर असले तरी हात अचूक पोहोचतो.

गंमत म्हणजे ‘विंडोज ९५’मध्ये हा लाभ पुरता मिळतच नव्हता. बटण आणि पडद्याची कड यांच्यात अगदी बारीक फट होती. बाण नेमका कोपऱ्याच्या टोकाला गेला आणि क्लिक केले, तर मेन्यू उघडत नसे. ही फट नंतरच्या आवृत्त्यांत बुजवण्यात आली.

महाराष्ट्रातील संगणक शिक्षणाशी त्याचा काय संबंध?

‘विंडोज ९५’, ‘९८’ आणि ‘एक्सपी’ यांचा काळ हा राज्यात संगणक वर्ग गल्लोगल्ली उघडण्याचा काळ होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम दोन दशकांहून अधिक काळ तालुक्या-तालुक्यांत चालू आहे. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून तो मान्य झाल्याने शिक्षक, लिपिक, तलाठी, ग्रामसेवक यांच्यासह असंख्य लोकांचा संगणकाशी पहिला परिचय अशा वर्गांत झाला.

तिथला पहिला धडा बहुधा ‘स्टार्ट’ हाच असे. स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग अॅक्सेसरीज, मग नोटपॅड किंवा पेंट. ही साखळी वहीत बाण काढून लिहिली जाई आणि पाठ केली जाई. इंग्रजी फारसे न येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी तर शब्दांपेक्षा जागाच महत्त्वाची होती. ‘खाली डावीकडे’ हीच त्याची खूण. अशा वापरणाऱ्याला बटण हलले म्हणजे नेमके काय होते, हे पुढच्या घडामोडींतून दिसते.

एक्सपी, व्हिस्टा आणि ७ यांनी काय बदलले?

२५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ने करड्या बटणाला हिरवा रंग दिला आणि मेन्यूचे दोन रकाने केले. डावीकडे वारंवार लागणारे प्रोग्राम, उजवीकडे ‘माय डॉक्युमेंट्स’, ‘माय कॉम्प्युटर’ यांसारख्या जागा आणि वर वापरणाऱ्याचे नाव व चित्र. रूप बदलले तरी जागा आणि शब्द कायम राहिले. ज्यांना जुना मेन्यू हवा होता, त्यांना तो परत लावण्याची सोयही होती.

२००७च्या प्रारंभी सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘व्हिस्टा’ने बटणावरील ‘स्टार्ट’ हा शब्दच काढला. त्याजागी विंडोजचे चिन्ह असलेला गोल आला. एव्हाना सर्वांना बटण ठाऊक झाले होते, त्यामुळे हा बदल पचला. मेन्यूत शोधचौकट आली, ही मात्र मोठी सुधारणा होती. विंडोजची कळ दाबायची आणि प्रोग्रामच्या नावाची दोन-चार अक्षरे टंकायची, की काम झाले.

‘व्हिस्टा’ने एक गोष्ट बिघडवलीही. संगणक बंद करण्यासाठी तिच्या मेन्यूत दोन चिन्हे आणि सात पर्याय, असे एकूण नऊ मार्ग होते. सॉफ्टवेअर क्षेत्रातील लेखक जोएल स्पोल्स्की यांनी २००६मध्ये यावर टीका केली. त्यावर या मेन्यूचे काम केलेले मायक्रोसॉफ्टचे माजी अभियंता मोइशे लेटविन यांनी आतली गोष्ट लिहिली. त्यांच्या हिशेबाने या छोट्याशा भागावर मत देणारे तब्बल ४३ जण होते, बैठका वर्षभर चालल्या आणि त्यातून निघाल्या त्या काहीशे ओळी. प्रत्येकाचा एकेक पर्याय मेन्यूत राहिला आणि निवड करण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडले. २००९च्या ‘विंडोज ७’ने ही चूक दुरुस्त करून पुन्हा ‘शट डाउन’ असे सरळ लिहिलेले बटण दिले.

२०१२मध्ये बटण काढून का टाकले?

‘विंडोज ७’मध्ये आवडते प्रोग्राम थेट टास्कबारवर ‘पिन’ करण्याची सोय आली. साहजिकच मेन्यू उघडण्याची गरज कमी झाली. मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये आपल्या नोंदींच्या आधारे जाहीर केले, की ‘व्हिस्टा’ ते ‘विंडोज ७’ या प्रवासात स्टार्ट मेन्यूचा वापर ११ टक्क्यांनी घटला. ही माहिती वापरणाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या संगणकांवरून गोळा होत होती.

दुसरीकडे २०१०मध्ये आयपॅड आला होता आणि टॅबलेट हेच भविष्य, असा बोलबाला होता. कंपनीने आपल्या फोनवरील रंगीत, हलत्या चौकोनांची रचना संगणकावर आणण्याचे ठरवले. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या ‘विंडोज ८’मध्ये मेन्यूच्या जागी पडदाभर पसरलेला ‘स्टार्ट स्क्रीन’ आला. टास्कबारवरील बटण मात्र नाहीसे झाले.

अधिकृतपणे कोपरा चालू होता. बाण डाव्या कोपऱ्यात नेला की एक छोटे चित्र उमटे आणि त्यावर क्लिक करता येई. पण तिथे काही आहे, हे दिसत नव्हते. माऊस कोणत्याही कोपऱ्यात न्या, अशी सूचना पहिल्या वेळी दाखवली जाई आणि मग पडदा मोकळा होई. दुसऱ्या कोणी सुरू करून दिलेल्या संगणकावर बसणाऱ्याला ती सूचना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दूरच्या संगणकावर छोट्या विंडोतून काम करणाऱ्यांना तर तो कोपरा पकडणे आणखी अवघड जाई. संगणक बंद करण्यासाठी बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, सरकत आलेल्या पट्टीतून ‘सेटिंग्ज’ निवडायचे, मग ‘पॉवर’, मग ‘शट डाउन’.

‘विंडोज ३.१’च्या काळात नवखा माणूस पडद्याकडे बघत बसे, त्यावर उत्तर म्हणून ‘स्टार्ट’ जन्मले होते. सतरा वर्षांनी, आता सरावलेली माणसे त्याच अवस्थेत आली.

आकडे खरे असूनही निर्णय का फसला?

वापर ११ टक्क्यांनी घटला, याचा अर्थ तो संपला असा होत नाही. शिवाय किती वेळा वापरले यावरून किती गरजेचे हे कळत नाही. एसटी स्थानकावरील चौकशीच्या खिडकीचे उदाहरण घेता येईल. रोजचा प्रवासी तिथे कधी थांबत नाही. त्याला गाडी, फलाट, वेळ सारे ठाऊक असते. म्हणून खिडकी बंद केली, तर नवख्या प्रवाशाचा खोळंबा होतोच; पण रोजच्या प्रवाशाची गाडी चुकली त्या दिवशी तोही अडकतो.

‘स्टार्ट’चे तसेच होते. रोजचे चार प्रोग्राम टास्कबारवर होते. पण क्वचित लागणारा पाचवा प्रोग्राम शोधायचा, प्रिंटर जोडायचा किंवा संगणक बंद करायचा, तर सर्वजण कोपऱ्यातच जात. ६४ फेऱ्यांत माणसांकडे बघून जे कळले होते, ते नुसत्या क्लिक मोजून कळणारे नव्हते.

पोकळी बाजाराने भरली. ‘क्लासिक शेल’ हा मोफत आणि ‘स्टार्ट ८’ हा पाच डॉलरच्या आतला प्रोग्राम जुना मेन्यू परत आणण्यासाठी लोकप्रिय झाले. लेनोव्हो कंपनीने २०१३मध्ये आपल्या संगणकांवर ‘पोक्की’ नावाचा पर्यायी मेन्यू स्वतःहून द्यायला सुरुवात केली. संगणक विकणाऱ्या कंपनीलाच मूळ प्रणालीवर ठिगळ लावावे लागणे, ही मायक्रोसॉफ्टसाठी नामुष्कीच होती.

मायक्रोसॉफ्टने माघार कशी घेतली?

माघार दोन टप्प्यांत झाली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या ‘विंडोज ८.१’ने बटण परत आणले, मेन्यू नाही. त्यावर क्लिक केले की तोच पडदाभर ‘स्टार्ट स्क्रीन’ उघडे. बटणावर उजवे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीत मात्र संगणक बंद करण्याची सोय मिळाली. एप्रिल २०१४मध्ये सॉफ्टवेअर निर्मात्यांच्या ‘बिल्ड’ परिषदेत विंडोजचे तत्कालीन प्रमुख टेरी मायर्सन यांनी परत येणाऱ्या मेन्यूची झलक दाखवली, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. २९ जुलै २०१५ रोजी ‘विंडोज १०’बरोबर मेन्यू प्रत्यक्षात परतला. डावीकडे प्रोग्रामची यादी आणि उजवीकडे रंगीत चौकोन, अशी ती तडजोड होती.

परत येताना त्याने एक नवी गोष्ट सोबत आणली. ‘कँडी क्रश’सारखे खेळ न मागताही मेन्यूत दिसू लागले. वापरणाऱ्याची हमखास नजर पडते अशी जागा, हे या बटणाचे व्यापारी मूल्य कंपनीच्या लक्षात आले होते.

‘विंडोज ११’मध्ये बटण मध्यभागी का गेले?

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या ‘विंडोज ११’ची ही मांडणी मुळात ‘विंडोज १०एक्स’ या दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी आखलेल्या प्रणालीतून आली. ती प्रणाली मे २०२१मध्ये गुंडाळण्यात आली, तिच्या काही कल्पना मात्र इथे वापरल्या गेल्या. रुंद होत चाललेल्या पडद्यांवर डावा कोपरा नजरेपासून लांब पडतो आणि मधली जागा समोर असते, असा युक्तिवाद यामागे आहे. तो अगदीच चुकीचा नाही. टॅबलेटवर बोटाने काम करणाऱ्याला कोपऱ्याचा गणिती लाभ मिळतही नाही.

माऊस वापरणाऱ्याचे मात्र दोन तोटे होतात. एक म्हणजे कोपऱ्याची अडवणूक गेल्याने नेम धरावा लागतो. दुसरा तोटा चटकन लक्षात येत नाही. टास्कबारवरील सर्व चिन्हांचा गट मिळून मध्यभागी ठेवला जातो आणि ‘स्टार्ट’ त्या गटाच्या डाव्या टोकाला असते. नवा प्रोग्राम उघडला की गट रुंदावतो आणि ‘स्टार्ट’ थोडे डावीकडे सरकते. प्रोग्राम बंद केला की परत उजवीकडे येते. म्हणजे बटणाला आता कायमचा पत्ताच नाही. ज्याने जागा हीच खूण मानली, त्याची खूण दिवसातून अनेकदा हलते.

मेन्यूतून रंगीत चौकोन गेले आणि खालच्या भागात ‘रेकमेंडेड’ म्हणजे शिफारशींचा रकाना आला. एप्रिल २०२४च्या एका अपडेटपासून त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानातील अॅपची शिफारसही दिसू लागली. ती बंद करता येते, पण मुळात चालू असते. हा रकाना लपवण्याची मुभा देणारी, सर्व प्रोग्राम एकाच सलग यादीत दाखवणारी नवी मांडणी २०२५च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने दिली जात आहे.

बटण पुन्हा डावीकडे आणता येते का?

येते. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर उजवे क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे. तिथे ‘टास्कबार बिहेवियर्स’ या भागात ‘टास्कबार अलाइनमेंट’ असा पर्याय आहे. त्यात ‘सेंटर’च्या जागी ‘लेफ्ट’ निवडले, की ‘स्टार्ट’ पुन्हा कोपऱ्यात येते. याच पानावर ‘विजेट्स’ बंद केले, की हवामान आणि बातम्यांची पाटी मध्ये येत नाही. अॅपच्या शिफारशी नको असतील, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यातील ‘स्टार्ट’ या पानावर शिफारशींचे पर्याय बंद करता येतात. संगणक बंद करण्याचा जवळचा मार्ग हवा असेल, तर ‘स्टार्ट’वर उजवे क्लिक करावे.

ज्येष्ठांसाठी किंवा कार्यालयातील सरावलेल्या कर्मचाऱ्यांसाठी नवा संगणक लावून देताना हे दोन मिनिटांचे काम आधीच करून ठेवले, तर पुढचे अनेक फोन वाचतील.

या प्रवासातून काय दिसते?

आज मोबाइलवर वाढलेल्या पिढीला मेन्यू उघडण्यापेक्षा नाव टंकून शोधणे सोयीचे वाटते. त्यामुळे बटण आणखी बदलेल, हे उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. ‘एक्सपी’चा हिरवा रंग, ‘व्हिस्टा’ची शोधचौकट हे बदल लोकांनी सहज स्वीकारले. कारण जुने शिकलेले त्यांत निरुपयोगी झाले नाही. ‘विंडोज ८’ने नेमके तेच केले आणि फटका बसला.

संगणकाची प्रणाली कंपनीच्या मालकीची असते. ती वापरण्याची सवय मात्र वापरणाऱ्याने स्वतःचा वेळ घालून कमावलेली असते. चाळिशीत माऊस धरायला शिकलेल्या लिपिकासाठी ती कमाई लहान नाही. ‘विंडोज ९५’च्या चमूने नवशिक्यांसाठी वेगळा दर्शनी भाग नाकारला, तो हीच कमाई वाया जाऊ नये म्हणून. आता ‘विंडोज १०’ वापरणाऱ्यांना नव्या प्रणालीकडे वळवताना कंपनीने डावा कोपरा मूळ मांडणीत ठेवलेला नाही. ‘सेटिंग्ज’मधील एक पर्याय म्हणून मात्र तो शिल्लक ठेवला आहे. हा पर्याय कुठे आहे, हे ज्याला सर्वाधिक गरज आहे त्यालाच ठाऊक नसते.